मुलीने नाटक-सिनेमात जावे काय?

नाताळच्या नाटकात मरीयेचे काम कोणाला द्यावे, हा प्रश्न शब्बाथशाळेच्या शिक्षकांपुढे दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो आणि बहुधा एकाच बैठकीत सुटतो. जिचा आवाज खणखणीत, पाठांतर पक्के, आणि मंडळीसमोर उभी राहिली असता जी बुजत नाही, अशी एखादी मुलगी सर्वांच्या नजरेपुढे असतेच. नाटक होते, टाळ्या पडतात, पाळकसाहेब आभार मानताना तिचे नाव घेतात, आणि दोन-तीन भगिनी तिच्या आईला मुद्दाम गाठून सांगतात की, पोरीला देवाने दान दिले आहे. हीच मुलगी सहा-सात वर्षांनी नाट्यशाळेत नाव घालायचे म्हणते किंवा एखाद्या मालिकेच्या निवडीला जाऊ का म्हणून विचारते, तेव्हा त्याच भगिनी गप्प होतात. दानाचा विषय मग कोणी काढीत नाही.

हा प्रश्न आता केवळ मुंबई-पुण्याच्या मंडळ्यांचा राहिलेला नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, हैदराबाद विद्यापीठात आणि ग्वाल्हेरच्या राजा मानसिंह तोमर विद्यापीठात नाट्यशिक्षणाची सोय आहे. गोव्यात कला अकादमी आहे. बेळगावच्या मुलीला कोल्हापूर हाकेच्या अंतरावर, आणि त्या भागात मालिकांचे चित्रीकरण होतच असते. म्हणजे मुलीने घर सोडून परागंदा व्हावे तेव्हाच हा धंदा तिला दिसेल, असे आज नाही. तो घराच्या दाराशी आलेला आहे.

अशा वेळी आईबाप पाळकांकडे किंवा एखाद्या वडिलांकडे जातात आणि प्रश्न ठरलेला असतो: तिथे तिचे शील टिकेल काय? हा प्रश्न प्रेमापोटी विचारला जातो, हे मी नाकारीत नाही. धोका आहे, हेही खरे. त्याविषयी पुढे लिहिणार आहे. परंतु हा प्रश्न ज्या रीतीने मांडला जातो त्यात एक गोष्ट आधीच गृहीत धरलेली असते. ती अशी की, जे काही घडेल त्याचा जाब मुलीने द्यायचा. तिला काम देणारा, तिच्या मिळकतीवर घर चालवणारा, तिचा खेळ पाहणारा आणि तिला नको म्हणणारा, यांपैकी कोणालाही आपण काही विचारीत नाही. या उरलेल्या मंडळींना काही विचारावे, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

थोडा इतिहास पाहू. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला, तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळेना. त्यांनी वेश्यावस्तीतही विचारून पाहिले. तेथूनही नकार आला. शेवटी एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाने लुगडे नेसून तारामती केली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' निघाला आणि त्यात प्रथमच दोन स्त्रिया पडद्यावर आल्या: दुर्गाबाई कामत आणि त्यांची तेराएक वर्षांची मुलगी कमला. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या होत्या, पदरी मुलगी होती, आणि त्या काळच्या ब्राह्मण घरातील एकट्या बाईला पोट भरण्याचे जे दोन-चार मार्ग खुले होते त्यांत मानाचा असा एकही नव्हता. कमलाबाई पुढे गोखल्यांच्या घरात पडल्या, ऐन तारुण्यात विधवा झाल्या आणि मुले वाढवण्यासाठी रंगभूमीवर उभ्या राहिल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू.

पुढे १९३२ साली कोल्हापुरात प्रभात कंपनीने हरिश्चंद्राचीच कथा 'अयोध्येचा राजा' या बोलपटात आणली. या वेळी तारामती झाल्या दुर्गा खोटे, मुंबईच्या सधन लाड घराण्यातील, कॉलेजात शिकलेल्या. सासरची सांपत्तिक स्थिती बिघडली म्हणून त्या कामाला लागल्या होत्या. त्यांचा पहिला चित्रपट 'फरेबी जाल' आला, तेव्हा चांगल्या घरची बाई सिनेमात गेली म्हणून समाजाने बोटे मोडली. त्यानंतर त्यांनी अर्धशतक काम केले आणि १९८३ साली त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. ज्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती त्यांच्याच नावाचा हा पुरस्कार.

इंदूरच्या वाचकांना लता मंगेशकरांविषयी मी काय सांगावे! १९४२ साली वडील वारले तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. धाकटी चार भावंडे आणि आई. गाण्याने घर चालेपर्यंत त्यांनी चित्रपटांत लहानसहान कामे केली. अभिनय आपल्याला मनापासून कधी आवडला नाही, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. आवड नसताना केले, कारण चूल पेटवायची होती.

मला हे एवढ्यासाठी सांगायचे आहे की, या क्षेत्रात आलेल्या पहिल्या पिढीच्या बायका चैनीसाठी आल्या असा आपला एक समज आहे आणि तो बऱ्याच अंशी खोटा आहे. त्या नामीसारख्या आणि रूथसारख्या आल्या. शेत दुसऱ्याचे, वेचायचे तेवढे आपले.

आता आपल्या मंडळीच्या इतिहासाकडे येतो. आरंभीच्या मंडळीने नाटकाला ठामपणे नाही म्हटले होते. इसवी सन २०० च्या सुमारास तर्तुल्यन याने खेळतमाशांविरुद्ध एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. त्या काळची रोमी रंगभूमी मूर्तिपूजेच्या उत्सवांशी बांधलेली होती आणि तिच्यावर जे चाले ते आजच्या वाचकाला सांगण्याजोगे नाही. म्हणून तर्तुल्यनाचा संताप समजण्यासारखा आहे. आपल्याकडचे उपदेशक तर्तुल्यनाचे नाव माहीत नसतानाही त्याच्याच सुरात बोलतात. पण त्याच उत्तर आफ्रिकेतील, त्याच्यानंतर पन्नासएक वर्षांनी झालेल्या एका माणसाचे पत्र मात्र सहसा कोणी आठवीत नाही.

कार्थेजचा बिशप सिप्रियन याला एका पाळकाने विचारले: आमच्या मंडळीत एक नट आहे; त्याने रंगभूमी सोडली आहे, परंतु पोटासाठी मुलांना नटाची विद्या शिकवतो; त्याला सहभागितेत ठेवावे काय? सिप्रियनचे उत्तर कडक आहे. शिकवणे चालू असेपर्यंत ठेवू नये, असे तो सांगतो. पण पत्र तेथे संपत नाही. तो पुढे लिहितो की, त्या माणसाने गरिबीचे कारण सांगितले, तर मंडळी ज्या गरिबांना पोसते त्यांच्यात त्याचीही गणना करावी. आणि तुमच्या मंडळीला तो भार पेलत नसेल तर त्याला इकडे आमच्याकडे पाठवावे, त्याच्या अन्नवस्त्राची सोय आम्ही करू.

हे पत्र मी डिप्लोमाच्या अभ्यासात प्रथम वाचले तेव्हापासून ते माझ्या मनातून गेलेले नाही. सिप्रियनचा निर्णय मला आज जसाच्या तसा मान्य नाही. पण नाही म्हणण्याची किंमत त्याने नाही म्हणणाऱ्याच्या पदरात घातली, दुसऱ्याच्या नव्हे. आपल्या वडीलमंडळांनी आजवर किती मुलींना नाही म्हटले असेल! त्यांपैकी किती जणींना दुसरे काम मिळवून दिले, किती जणींची फी भरली, याची नोंद सभेच्या इतिवृत्तात सापडेल काय?

त्याच जुन्या काळातली आणखी एक गोष्ट. रोमी कायद्याने नटीला रंगभूमीशी बांधून टाकले होते. नटीच्या पोटी आलेली मुलगीही बहुधा त्याच कामाला जुंपली जाई. काम लोकांना हवे, करणारी मात्र हलकी समजायची. मग ३७१ साली बादशाही हुकूम निघाला की, रंगभूमीवरील कोणी मरणपंथाला लागले असता ख्रिस्ती संस्कार मागून घेतले आणि ते माणूस वाचले, तर त्याला पुन्हा खेळात ओढू नये. त्यालाही एक पुस्ती होती: दुखणे खरोखर जिवावरचे आहे किंवा नाही, हे सरकारी निरीक्षकाने पाहावे! म्हणजे लोकांची करमणूक थांबू नये यासाठी बाईच्या खाटेशी शिपाई उभा. अशा बाईला मंडळीची दारे म्हणजे सुटकेची दारे होती. जो समाज हे काम सक्तीने करवून घेत होता तोच तिला निर्लज्ज म्हणत होता, हे त्या काळच्या मंडळीला दिसले होते. आपल्याला ते दिसते का?

शास्त्रभाग घेऊन पाहू. मार्क सहाव्या अध्यायात हेरोदियेची मुलगी हेरोदासमोर नाचली, आणि त्यातून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा वध झाला. नाच-नाटकाविरुद्ध बोलायचे झाले की हाच उतारा काढतात. तो नीट वाचावा. मेजवानी कोणाची? हेरोदाची. जेवायला बसलेले कोण? त्याचे सरदार, सेनापती आणि गालीलातले मोठे लोक. शपथ कोणी घेतली? राजाने. काय मागावे हे त्या मुलीला माहीतसुद्धा नव्हते. ती बाहेर जाऊन आईला विचारते. जेवणाऱ्यांसमोर आपला शब्द खाली पडू नये म्हणून राजाने शिपाई धाडला. या साऱ्या प्रकरणात ज्या एका व्यक्तीच्या हाती काहीही नव्हते, तिच्यावर आपण एकोणीसशे वर्षे उपदेश करीत आलो आहोत.

वश्तीची गोष्ट तर त्याहून बोलकी आहे. राजा अहश्वेरोश सात दिवस मद्यपानात बसलेला. राणीचे सौंदर्य लोकांना आणि सरदारांना दाखवावे म्हणून तिला बोलावणे धाडतो. ती येत नाही. बस्स, एवढेच तिचे कृत्य. त्यापायी तिचे राणीपद गेले आणि सगळ्या बायका आपापल्या नवऱ्यांना जुमानणार नाहीत म्हणून राज्यभर पत्रे गेली. बाईने दाखवून घ्यायला नकार दिला तरी शिक्षा तिलाच. शब्बाथशाळेत आपण एस्तेर शिकवतो, आणि शिकवावीच. पण पहिल्या अध्यायावरून घाईने पुढे जातो. या खेपेला तेथे जरा थांबून पाहावे.

आणि प्रभूने काय सांगितले? डोंगरावरील प्रवचनात वासनेचा दोष त्याने पाहणाऱ्याच्या अंतःकरणात ठेवला आहे, आणि उपटून टाकायला सांगितला तो पाहणाऱ्याचा डोळा. बाईला आत कोंडा, असे तो म्हणाला नाही. हा भाग आपण पुरुषांना जरूर शिकवतो, पण पडद्याच्या संदर्भात तो लावीत नाही. रात्री आठच्या मालिकेमुळे जेथे प्रार्थनासभेची वेळ मागेपुढे झाली आहे अशी घरे मला ठाऊक आहेत. मालिका चालते, कारण आपण ती पाहतो. तीत काम करणारी मुलगी आपली असली म्हणजे मात्र आपल्याला शास्त्र आठवते.

धोका नाही, असे मी म्हणत नाही, हे वर लिहिलेच आहे. पण तो कोठे आहे? मराठी सिनेमातील स्त्रियांनी स्वतः लिहून ठेवले आहे ते वाचावे. हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' १९७० साली पुस्तकरूपाने आले. त्यावर पुढे १९७७ साली 'भूमिका' हा चित्रपट निघाला आणि त्यात स्मिता पाटील यांनी काम केले. शाळेच्या वयात ही मुलगी घरच्यांसाठी मिळवू लागली. लग्नानंतर हे सर्व सोडून संसार करावा, अशी तिची इच्छा होती. नवऱ्याने तिला सोडू दिले नाही, आणि तिच्यावर संशयही घेतला. तिच्या पैशावर घर चालत होते आणि तिच्या कामाची घराला लाज वाटत होती. या पुस्तकातली बरीच दुःखे स्टुडिओतली नाहीत, घरातली आहेत.

शांता आपटे यांचे धैर्य वेगळ्या प्रकारचे. 'कुंकू'मधील नायिका म्हणून १९३७ पासून त्या घराघरांत ठाऊक झाल्या होत्या. १९३९ साली कंपनीशी तंटा झाला तेव्हा त्या पुण्यात प्रभातच्या दाराशी उपोषणाला बसल्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी पुस्तक लिहिले, त्याचे नावच 'जाऊ मी सिनेमात?' आज जो प्रश्न आपल्या मुली विचारतात तो त्यांनी तेव्हा शीर्षकात घातला होता, आणि त्यांचा भर होता तो या धंद्यात राबणाऱ्यांच्या कामाच्या अटींवर.

केरळातील पी. के. रोझी हिची हकिगत आपल्या मंडळ्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९३० च्या सुमारास मलयाळम भाषेतील पहिला चित्रपट 'विगतकुमारन' निघाला. काढणारे जे. सी. डॅनियल ख्रिस्ती होते. नायिकेचे काम करणारी रोझी दलित कुटुंबातली. तिने पडद्यावर नायर स्त्री रंगवली, एवढ्यावरून उच्चवर्णीय प्रेक्षक खवळले, पडद्यावर दगड आले, आणि रोझीला गाव सोडून तमिळ मुलखात निघून जावे लागले. तिच्या शीलाविषयी तेथे कोणाचीच तक्रार नव्हती. तिने कोणाचे रूप घेतले, यावर सारा राग होता. आपल्यापैकी बहुतेकांच्या आजोबा-पणजोबांना या रागाची ओळख होती.

त्याच केरळात २०१७ साली एका नटीवर चालत्या गाडीत अत्याचार झाला. त्यानंतर तेथील चित्रपटांत काम करणाऱ्या स्त्रियांनी एक संघटना बांधली. पुढे चित्रपट दाखवण्यासाठी त्यांनी एक मंडळ काढले त्याला नाव दिले रोझीचे. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा यांची समिती नेमली. समितीने २०१९ च्या डिसेंबरात अहवाल दिला. तो काही भाग गाळून लोकांपुढे आला ऑगस्ट २०२४ मध्ये. त्यातील वर्णने वाचवत नाहीत. काम मिळवण्यासाठी शरीराची मागणी, रात्री मुक्कामाच्या खोलीच्या दारावर थापा, बोलेल तिचे काम बंद. त्याच अहवालात असेही आहे की, चित्रीकरणाच्या जागी संडास नाहीत, कपडे बदलायला आडोसा नाही, म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि आजारी पडतात. लेखी करार नाहीत. यातले किती धोके मुलीच्या शीलाने टळले असते? संडास बांधणे हे काही तिच्या शीलाचे काम नव्हे.

इथे वाचक म्हणतील, मग तर मुळीच जाऊ देऊ नये. या म्हणण्यात वजन आहे. परंतु हाच न्याय सर्वत्र लावायचा तर आपल्या मुली नर्सिंगला गेल्या नसत्या. शंभर वर्षांपूर्वी रात्रपाळी करणाऱ्या, परपुरुषाच्या अंगाला हात लावणाऱ्या नर्सबाईंविषयी लोक काय बोलत, हे जुन्या माणसांना विचारावे. त्या वेळी मंडळीने मुलींना घरी बसवले नाही. वसतिगृह बांधले, मेट्रन नेमली, रात्री सोबत दिली. आज आपल्या कित्येक घरांचा पाया त्या पगारावर उभा आहे.

तरीही या कामात दोन अडचणी अशा आहेत की त्या नर्सिंगमध्ये नाहीत, आणि त्या टाळून लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिली स्पर्शाची. पापी माणसाचे काम करणे हे पाप नव्हे. आपण दरवर्षी एका मुलाला हेरोद करतो आणि त्याच्या आत्म्याविषयी कोणाला काळजी वाटत नाही. रंगभूमीवरचा खून खोटा असतो, रडणे खोटे असते. पण मिठी खोटी नसते. तेथे शरीर खरेच वापरले जाते. म्हणून या बाबतीत भूमिका कोणती एवढेच न विचारता, माझ्या शरीराला काय करावे लागेल, हे मुलीने काम घेण्यापूर्वी विचारावे आणि लिहून घ्यावे, असे मला वाटते. अलीकडे अशा प्रसंगांची आखणी करून देण्यासाठी वेगळी जाणकार व्यक्ती नेमण्याची पद्धत आपल्याकडेही सुरू झाली आहे. काही प्रसंग असे असतील की आपली मुलगी ते नाकारील आणि काम गमावील. वश्तीने राणीपद गमावले. अशा वेळी मुलगी घरी परत आली, तर तिला नापास झाल्यासारखी वागणूक मिळू नये.

दुसरी अडचण मराठी मालिकेत काम करणाऱ्या ख्रिस्ती मुलीला पहिल्याच महिन्यात येते. मंगळागौर, हळदीकुंकू, गणपतीची आरती, सत्यनारायण. तिने हातात आरतीचे ताट धरावे काय? करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील आठवा आणि दहावा अध्याय काढून दोन्ही बाजू मांडता येतात, आणि आपल्या मंडळ्यांत त्या मोठ्या आवाजात मांडल्या जातील याची मला खात्री आहे. मी दुसरा उतारा सुचवतो, दुसरे राजे, पाचवा अध्याय. नामान कुष्ठरोगातून बरा झाला, त्याने जिवंत देवाला मानले, आणि मग संकोचून एक गोष्ट विचारली: माझा धनी रिम्मोनाच्या देवळात जातो, माझ्या हाताचा आधार घेतो, त्याच्याबरोबर मलाही वाकावे लागते, याची मला क्षमा होईल काय? अलीशाने त्याला नियम दिला नाही, रागावलाही नाही. शांतीने जा, एवढेच म्हणाला. त्या नियम न देण्याचा अर्थ काय, यावर विद्वानांत एकमत नाही. मी इतकेच म्हणेन की, नामानाने लपवले नाही, संदेष्ट्याला येऊन विचारले. आणि संदेष्टा असा होता की त्याच्याकडे जाऊन विचारता आले. आपल्या मुलींना असा कोणी आहे काय?

गोव्याच्या वाचकांना एक गोष्ट सांगायला नको. तियात्राचा पहिला प्रयोग १८९२ साली मुंबईत झाला, तो गोव्याच्या ख्रिस्ती लोकांनीच केला. आणि १९०४ साली जुआंव आगुश्तीन फेर्नांदीश यांची पत्नी रेजिना हिने त्या रंगभूमीवर काम केले. मराठी रंगभूमीवर त्या काळी स्त्रीभूमिका पुरुष करीत होते. नवरा लिहितो, बायको काम करते, आणि रविवारी दोघे मिस्साला जातात. आपण प्रॉटेस्टंट लोक या बाबतीत मागे राहिलो, असे म्हटले तर कोणी रागावू नये.

आणि पदरात पडलेले घ्यायला आपण मागे राहिलेलो नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपल्या घराघरांत असतात. १९८० च्या दशकात ती दूरदर्शनवर आणली विजया मेहता यांनी, ज्यांचा जन्म बडोद्याचा. आणि लक्ष्मीबाई उभ्या केल्या सुहास जोशी यांनी. एका ख्रिस्ती बाईचा विश्वास, तिची थट्टा, तिचे दारिद्र्य हे ज्यांनी पुस्तक कधी हाती धरले नसते अशा घरांत गेले. रेव्हरंड टिळक स्वतः कीर्तन करीत. सुवार्ता सांगायला रंग, आवाज, अभिनय लागतो हे त्यांना ठाऊक होते.

पडद्यामागची कामे आपल्या चर्चेत येतच नाहीत, कारण सिनेमात जाणे म्हणजे नायिका होणे असे आपण धरून चालतो. कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथय्या वेशभूषाकार होत्या. 'गांधी' चित्रपटासाठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळाले, भारतातले पहिले. रेणू सलुजा पुण्याच्या फिल्म संस्थेत संकलन शिकल्या आणि त्या कामासाठी त्यांना चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. शिवणकाम, केशरचना, ध्वनी, प्रकाश, लेखन, कितीतरी वाटा आहेत. तेथेही अडवणूक होतीच. मुंबईतील रंगभूषाकारांची संघटना १९५५ पासून बायकांना रंगभूषेचे कार्डच देत नव्हती. बायकांनी केस विंचरावेत, चेहरे रंगवणे पुरुषांचे काम, असा तिचा कायदा. चारू खुराना आणि इतर काही जणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने ही बंदी मोडली. येथे शीलाचा प्रश्न कोणी काढला नव्हता. पुरुषांचे काम जाईल, एवढीच भीती होती.

आता शिक्षकांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. मालिकेसाठी लहान मुले निवडायला माणसे शाळांतून, शब्बाथशाळांतूनही येतात. कायद्याप्रमाणे मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आणि मुलाच्या मिळकतीतील किमान वीस टक्के रक्कम त्याच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते. लता मंगेशकर बारा वर्षांच्या होत्या तेव्हा असे काही नव्हते. आईबापांना हे आपण सांगितले नाही तर निवडणारा सांगणार नाही.

मोठ्या मुलींसाठी २०१३ चा कायदा आहे: दहा किंवा अधिक माणसे जेथे कामाला आहेत तेथे लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती हवी. काम धरताना त्या समितीवर कोण आहे हे विचारायचा मुलीला अधिकार आहे. आपल्या मंडळ्यांनी चालवलेल्या शाळा आणि दवाखान्यांनाही हाच कायदा लागू आहे. तेथे ती समिती आहे काय, आणि असल्यास तिच्या सभासदांची नावे फलकावर आहेत काय, हे सिनेमावाल्यांना नावे ठेवण्याआधी पाहून घ्यावे.

शेवटी पैशाचे. मालिकेतील रोजाचे पैसे बहुधा काम झाल्यावर तीन महिन्यांनी हाती पडतात. पहिले तीन महिने मुलीने राहायचे कोठे आणि खायचे काय? याच तीन महिन्यांत ती नको त्या माणसाच्या उपकाराखाली जाते. मुंबईत वाय. डब्ल्यू. सी. ए. ची वसतिगृहे आहेत, आपल्या ओळखीच्या मंडळ्या आहेत, त्यांत एखादी खोली रिकामी असलेली विधवा भगिनी असते. पाळकांचे एक पत्र, एक खोली आणि तीन महिन्यांच्या भाड्याइतकी परतफेडीची रक्कम, एवढी तरतूद मध्यम आकाराच्या मंडळीला अवघड नाही. कापणीच्या सणाच्या लिलावात आपण यापेक्षा जास्त रक्कम एका संध्याकाळी उभी करतो. कोणाला द्यायची, परतफेड कशी घ्यायची, हे वडीलमंडळाने ठरवावे. स्त्रीमंडळातील दोघींना त्या निर्णयात घ्यावे. नाताळच्या नाटकाची निवड याच महिन्यात व्हायची आहे, तेव्हा हा विषय त्याच बैठकीत निघाला तरी चालेल.